दारापासून आतपर्यंत : सिया कोलिसीची पहिली वर्षे

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी मला सांगितले आणि विषय माझ्यावर सोडला. मी काही वक्ता नव्हे. बी. ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो, तो आजही त्याच खुर्चीवर आहे. माझ्या टेबलापुढे जून-जुलैत विद्यार्थ्यांची रांग लागते. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायचे असते, आधार जोडायचे असते, पासबुक भरून हवे असते. त्या रांगेकडे पाहता पाहता जे मनात साचले, तेच आज एका खेळाडूच्या निमित्ताने आपल्यासमोर मांडणार आहे.

हा खेळाडू आपल्याकडचा नाही आणि त्याचा खेळही आपल्या गल्लीतला नाही. त्याचे नाव सिया कोलिसी. देश दक्षिण आफ्रिका, खेळ रग्बी. नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर मी त्याचा फोटो पाहिला. हिरव्या जर्सीतला एक काळा तरुण सोन्याचा चषक डोक्यावर उचलून धरतो आहे आणि त्याच्याभोवती काळे-गोरे सगळे सहकारी ओरडताहेत. कॅशची मोजणी संपवून मी तो मजकूर वाचला आणि त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. चषक सर्वांनी पाहिला. माझे लक्ष मात्र त्याच्या आधीच्या वर्षांकडे, म्हणजे बाराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंतच्या प्रवासाकडे लागले. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्याच वर्षांबद्दल.

आधी खेळाविषयी थोडे. रग्बी युनियनमध्ये एका संघात पंधरा गडी असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन धावायचे, पण हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूला किंवा मागच्या सहकाऱ्याकडे. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. समोरचा गडी अडवतो तो अंगावर झेप घेऊन. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, फक्त येथे चढाई करणारा पूर्ण वेगाने धावत येत असतो. कोलिसीची जागा फ्लँकरची. कोणी पाडला गेला की त्या ढिगाऱ्यापाशी सर्वांत आधी पोहोचायचे, चेंडू हिसकायचा, उठायचे आणि पुन्हा पुढच्या ढिगाऱ्याकडे धावायचे, हे त्याचे काम. टाळ्या बहुतेक दुसऱ्यांना पडतात, अंग मात्र ह्याचे ठेचते.

हा खेळ दक्षिण आफ्रिकेत केवळ खेळ राहिला नव्हता. वर्णभेदाच्या राजवटीत ‘स्प्रिंगबॉक’ हा राष्ट्रीय संघ म्हणजे गोऱ्या सत्तेचा अभिमान होता. वास्तविक पूर्व केप भागात काळे लोक एकोणिसाव्या शतकापासून, मिशनरी शाळांच्या काळापासून रग्बी खेळत आले आहेत. त्यांचे क्लब होते, त्यांच्या स्पर्धा होत्या. पण राष्ट्रीय संघाचे दार त्यांना बंद होते. १८९१ साली पहिला कसोटी सामना खेळलेल्या ह्या संघात पहिला अश्वेत खेळाडू, एरॉल टोबायस, आला तो १९८१ साली. मध्ये नव्वद वर्षे गेली. जगाच्या बहिष्कारामुळे १९८७ आणि १९९१ ह्या पहिल्या दोन विश्वचषक स्पर्धांत दक्षिण आफ्रिका नव्हती. १९९५ साली स्पर्धा त्यांच्याच देशात झाली. अंतिम सामना त्यांनी जिंकला आणि अध्यक्ष नेल्सन मंडेला कर्णधाराची सहा क्रमांकाची जर्सी अंगात घालून चषक द्यायला मैदानात उतरले. पण त्या दिवशीच्या पंधरा जणांत अश्वेत एकच होता, चेस्टर विल्यम्स.

सियाचा जन्म १६ जून १९९१ चा. विद्यार्थ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. १९७६ साली ह्याच तारखेला सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सियाच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, १७ जून १९९१ रोजी, माणसाची जन्मतःच वर्णावर नोंद करणारा कायदा रद्द करण्यास तिथल्या संसदेने मंजुरी दिली. म्हणजे कायद्याची भिंत पडली आणि हे मूल जन्माला आले. पण मित्रहो, कायद्याची भिंत पडली म्हणून घरात पीठ येत नाही.

पोर्ट एलिझाबेथ शहराच्या कडेला झ्वीदे नावाची काळ्यांची वस्ती आहे. शहराचे अधिकृत नाव २०२१ पासून गेबेर्हा असे झाले आहे. सियाचे आईवडील त्याच्या जन्माच्या वेळी स्वतःच किशोरवयीन होते. त्याला वाढवले आजीने. ती लोकांच्या घरची कामे करी. रात्री जमिनीवर उशा टाकून झोपायचे आणि काही रात्री उपाशीच झोपायचे. शाळेत मिळणारा पावाचा तुकडा हेच काही दिवशीचे मुख्य जेवण. पुढे आजी गेली, आईही गेली. किशोरवय संपण्याआधी दोघींचे छत्र हरपले.

ह्या मुलाला रग्बी दिली ती एमसेंगेनी ह्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेने आणि आफ्रिकन बॉम्बर्स ह्या क्लबने. तेथे एरिक सोंग्वीकी नावाचे शिक्षक मुलांना खेळवत. जगाच्या दृष्टीने हे नाव मोठे नाही, पण मला ते फार मोठे वाटते. चांगले मैदान नाही, साहित्य नाही, अशा ठिकाणी शाळा सुटल्यावर मुलांना गोळा करून शिकवणारा माणूस नसता, तर पुढची काहीच गोष्ट घडली नसती. प्रांताच्या पहिल्या निवड चाचणीला सिया गेला तेव्हा त्याच्याकडे खेळाची अर्धी चड्डीसुद्धा नव्हती. आतल्या चड्डीवरच तो खेळला. आपल्यापैकी कित्येकांनी दुसऱ्याचे बूट मागून शर्यत धावली असेल. त्यांना ह्यावर अधिक सांगायला नको.

बाराव्या वर्षी मॉसेल बे येथील एका स्पर्धेत तो खेळला. ग्रे ह्या शाळेच्या लोकांनी त्याला तेथे पाहिले. ग्रे ही १८५६ साली स्थापन झालेली, जुन्या प्रतिष्ठेची शाळा. तिने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. आधी कनिष्ठ शाळा आणि नंतर ग्रे हायस्कूल. झ्वीदे आणि ग्रे एकाच शहरात आहेत. अंतर काही किलोमीटरचे, पण जग दुसरेच.

येथे नेहमीची भाषणे थांबतात. गरीब मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, त्याने सोने केले, टाळ्या. मला मात्र येथूनच पुढचे सांगायचे आहे. शिष्यवृत्तीने दार उघडले. पण दारापासून आत, वर्गातल्या बाकापर्यंतचे अंतर कोणी चालवले?

पहिली अडचण भाषेची. सियाची मातृभाषा खोसा. ग्रेमध्ये सर्व इंग्रजी. वर्गात काय चालले आहे ते कळेना, विचारावे तर विचारण्यापुरती भाषा नाही. तेव्हा एक गोरा वर्गमित्र त्याच्या शेजारी बसला. त्याने ह्याला इंग्रजी शिकवले आणि ह्याच्याकडून तो खोसा शिकला. हे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले म्हणून ते टिकले, असे मला वाटते. ज्याला नुसते घ्यावे लागते त्याची मान खाली जाते. ज्याच्याकडूनही काही शिकले जाते तो ताठ बसतो.

दुसरी अडचण शरीराची. कोलिसीने पुढे मोठेपणी, जानेवारी २०१९ मधल्या एका मुलाखतीत, हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगितले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, इंग्रजी शाळेत गेलो नसतो तर मला नीट खायला मिळाले नसते आणि माझी वाढच झाली नसती. आणि तेथे गेल्यावरही ज्यांच्याशी स्पर्धा करायची ती मुले जन्मापासून रोज सहा-सहा वेळा खात आलेली होती. रग्बीत वजन आणि हाडापेराची ताकद लागते. बारा वर्षांची उपासमार एका वर्षाच्या जेवणाने भरून निघत नाही. तरीही त्याला वसतिगृह होते, तीन वेळचे जेवण होते, गणवेश, बूट आणि मोजे होते. शाळेने फक्त फी माफ केली असती आणि बाकीचे त्याचे त्याने पाहावे असे म्हटले असते, तर तो मुलगा महिनाभरात झ्वीदेला परत गेला असता.

हे मी इतक्या खात्रीने का म्हणतो? कारण असा परत आलेला एक मुलगा मी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी बारावीला उत्तम गुण मिळवलेला एक मुलगा माझ्या टेबलापुढे आला होता. दूरच्या शहरात प्रवेश मिळाला होता, फी माफ होती. मीच त्याचा अर्ज भरून दिला, खाते उघडून दिले, पाठ थोपटली. दिवाळीनंतर तो पुन्हा बँकेत दिसला. खाते बंद करायचे होते. खानावळीची अनामत भरता आली नव्हती, शिष्यवृत्तीची रक्कम यायला वेळ होता आणि वर्गातले इंग्रजी डोक्यावरून जात होते. त्याने हे कोणालाच सांगितले नव्हते. मलाही नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. त्या चार महिन्यांत एक फोन केला असता तर अनामतीची रक्कम आपल्यातल्या पाच जणांनी सहज उभी केली असती. दोष कोणाला देऊ? मीच अर्ज भरला आणि मीच विसरलो. कोलिसीची हकीगत वाचताना मला सारखा तो मुलगा आठवत होता.

आता व्यावसायिक खेळाकडे येतो. १९९५ च्या ऑगस्टपर्यंत रग्बी युनियन हा अधिकृतरीत्या हौशी खेळ होता. खेळण्याचे पैसे घेणे नियमाविरुद्ध होते. म्हणजे ज्याच्या घरी खायची ददात नाही त्यालाच हा खेळ वरच्या पातळीवर सहज परवडे. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी पॅरिस येथे खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ही अट काढून टाकली आणि खेळाडूला करारावर पगार मिळू लागला. सिया तेव्हा चार वर्षांचा होता. त्याची पिढी ही खेळावर घर चालवू शकणारी पिढी ठरली.

शाळा संपताच तो केप टाउनकडच्या वेस्टर्न प्रॉव्हिन्स संघाच्या प्रशिक्षणात दाखल झाला. तेथे रासी इरॅस्मस हे मार्गदर्शक होते. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल. वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघातून तो खेळला. २०११ मध्ये वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या मुख्य संघातून पदार्पण केले. २०१२ मध्ये स्टॉर्मर्स ह्या संघातून सुपर रग्बी स्पर्धेत उतरला, जिथे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे संघही असत. आणि १५ जून २०१३ रोजी, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नेलस्प्रुट येथे स्कॉटलंडविरुद्ध त्याला पहिला कसोटी सामना मिळाला. खरे तर तो राखीव होता. पाचव्याच मिनिटाला एक सहकारी जखमी होऊन बाहेर गेला आणि ह्याला आत पाठवण्यात आले. दक्षिण आफ्रिकेने तो सामना ३०-१७ असा जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला सिया कोलिसी. राखीव बाकावर बसलेल्या माणसाने बूट बांधून तयार असावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पण सरळ रेषेत वर जाणारे आयुष्य गोष्टीतच असते. पदार्पणानंतरची काही वर्षे तो मुख्यतः बदली खेळाडूच राहिला. २०१५ च्या विश्वचषकात त्याला दोनच सामने मिळाले, तेही बदली म्हणून, आणि त्यांतला एक जपानकडून झालेल्या गाजलेल्या पराभवाचा. हातात पैसा आल्यावर आपण दारूच्या आहारी गेलो होतो हेही त्याने लपवलेले नाही. २०२१ साली आलेल्या ‘राइज’ ह्या आत्मचरित्रात त्याने ते लिहिले आहे. पहिल्या पगाराची वाट पाहणाऱ्या तरुणांनी हा भाग वगळून बाकीची गोष्ट घेऊ नये.

त्याच काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. आई गेल्यावर त्याची दोन धाकटी सावत्र भावंडे दुरावली होती, दुसऱ्यांच्या आश्रयाने वाढत होती. त्याने त्यांचा शोध घेतला, त्यांना आपल्या घरी आणले आणि त्यांचे पालकत्व कायदेशीररीत्या स्वीकारले. तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. वस्तीतून बाहेर पडलेला माणूस मागे वळून पाहतो की नाही, ह्याची कसोटी कोणत्याही मैदानावर होत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात, आता राष्ट्रीय प्रशिक्षक झालेल्या इरॅस्मस यांनी त्याला कर्णधार केले. पहिल्या कसोटीपासून मोजल्यास १२७ वर्षांत कसोटी संघाचा हा पहिला काळा कर्णधार. कर्णधार म्हणून पहिला सामना ९ जून रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, म्हणजे मंडेलांनी चषक दिला त्याच मैदानावर, इंग्लंडविरुद्ध. अंगात तीच सहा क्रमांकाची जर्सी. सुरुवातीलाच संघ ३-२४ असा मागे पडला. ह्या नेमणुकीकडे संशयाने पाहणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय आले असेल ते आपण ओळखू शकतो. शेवटी ४२-३९ अशा फरकाने दक्षिण आफ्रिका जिंकली. पुढचे जगाला माहीत आहे. २ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामा येथे इंग्लंडवर ३२-१२ असा विजय आणि विश्वचषक. २०२३ साली पॅरिसजवळ न्यूझीलंडविरुद्ध १२-११ आणि पुन्हा विश्वचषक, पुन्हा तोच कर्णधार.

“कोट्यातून आला आहे” हा टोमणा आपल्याला नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतही संघात अश्वेत खेळाडूंची संख्या किती असावी ह्याचे उद्दिष्ट ठरवले गेले आणि त्यावर कडाक्याचा वाद होत राहिला. ज्या मुलाखतीचा मी उल्लेख केला तीत कोलिसीनेही कोट्याबद्दल शंका व्यक्त केली आणि त्याच्यावर टीका झाली. त्याचे म्हणणे असे होते की, सुरुवात वरच्या संघापासून नव्हे तर खाली, वस्तीतल्या शाळेपासून झाली पाहिजे. त्याच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला पूर्ण पटतो. पहिल्याबाबत मात्र मी नम्रपणे वेगळे मत मांडतो. वरचे दार नव्वद वर्षे बंद होते ते गुणवत्तेअभावी नव्हे. ते आपोआप उघडले असते असे मानायला इतिहासात काही आधार नाही. खाली भाकरी हवी आणि वर जागाही हवी. एकाच्या नावाने दुसरे नाकारू नये.

ह्याचा पडताळा त्याच संघात मिळतो. २०१९ च्या अंतिम सामन्यात माकाझोले मापिम्पी ह्या खेळाडूने संघाचा पहिला ‘ट्राय’ केला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा तो आजवरचा पहिलाच ट्राय. मापिम्पीही पूर्व केपचा, काळा, आणि कोलिसीपेक्षा जेमतेम एक वर्षाने मोठा. त्याला लहानपणी कोणत्याही नामांकित शाळेने उचलले नाही. खेड्यातली शाळा, मग बॉर्डरसारखा लहान प्रांतिक संघ, असे करत तो राष्ट्रीय संघात आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कोलिसी आला एकविसाव्या वर्षी. गुण दोघांतही होते. मधली सहा वर्षे ही मदतीच्या हाताची किंमत आहे. आणि मापिम्पी निदान पोहोचला. जे पोहोचलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याच पासबुकात नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, म्हणून माझी एक विनंती आहे. आज आपण मुलांना पाकीट आणि पुष्पगुच्छ दिला. हे चांगलेच झाले. पण ह्या यादीतले एकेक नाव एकेका सभासदाने वाटून घ्यावे. ऑगस्टमध्ये एक फोन करावा, ऑक्टोबरमध्ये एक. जेवणाची सोय झाली का, पुस्तके मिळाली का, वर्गातले कळते का, एवढेच विचारावे. ह्याला निधी लागत नाही. सोंग्वीकी सरांकडे निधी नव्हता, वेळ होता. मी माझ्यापुरते एक नाव आजच घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. अडचण आली तर गप्प बसून परत येऊ नका. शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारा आणि त्यालाही तुमच्याकडचे काही शिकवा. न विचारण्यात स्वाभिमान नाही. २००७ साली दक्षिण आफ्रिकेने विश्वचषक जिंकला तेव्हा सियाच्या घरी टीव्ही नव्हता. वस्तीतल्या गुत्त्यात गर्दीत उभे राहून त्याने तो सामना पाहिला. बारा वर्षांनी तो स्वतः चषक उचलत होता आणि आयुष्यात प्रथमच परदेशी गेलेले त्याचे वडील योकोहामाच्या मैदानात बसून ते पाहत होते. ह्या बारा वर्षांत धावला तो एकटा, पण सोबत चालणारे अनेक होते.

माझ्या टेबलावरून परत गेलेला तो मुलगा आज कुठे आहे ते मी शोधतो आहे. सापडला तर पुढच्या वर्षी त्याला येथे घेऊन येईन.